चोराच्या बायकोचं गाणं

जर्मन म्हटलं की आमच्या घरात पातेलं डोळ्यांपुढं यायचं. आईकडं जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, तीन पातेली होती, एकात एक बसणारी, बुडाला काळी आणि काठाला चेमटलेली. त्यामुळं एका रविवारी सकाळी आबांनी इस्त्रीचा सदरा अंगात घातला आणि दौंडला जर्मनचा सिनेमा बघायला चाललोय असं सांगितलं, तेव्हा चुलीपुढं बसलेली आई म्हणाली, "भांड्याचा कसला शिनेमा?" आबा हसले नाहीत. गाण्याचा विषय असला की ते हसत नसत. "देश हाय त्यो," ते म्हणाले. "तिथला जुना शिनेमा हाय, एका चोराचा. गाणीच गाणी हायती म्हणं त्यात. कुलथे सरांनी बोलीवलंय."

आबा म्हणजे माझे वडील. शिरूरच्या जनावरांच्या दवाखान्यात ते ड्रेसर होते. बैलाच्या खांद्याची सूज, म्हशीची मोडलेली शिंगं, कुत्र्यानं फाडलेली शेळी, असं सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. गावोगावचे शेतकरी त्यांना डॉक्टर म्हणायचे आणि त्यांच्या अंगाला कायम फिनेलचा वास यायचा. संध्याकाळी मात्र ते हात चांगले तीनदा साबणानं धुऊन पेटीवर बसायचे. आम्ही बौद्ध. आमच्या वस्तीत आबांची गायन पार्टी होती, जयंतीला, लग्नाला, पुण्यतिथीला त्यांची गाणी व्हायची, आणि गाणी आबा स्वतः रचायचे. मी त्यांची एकुलती एक मुलगी. सहा-सात वर्षांची असल्यापासून मी त्यांच्याबरोबर उभी राहून गात आले होते. टिपेला आवाज चढवून, हात उंच करून मी कडवं टाकलं की बायका पदर तोंडाला लावून बघत राहायच्या. शालन म्हणजे आबांचा उजवा हात, असं सगळी वस्ती म्हणायची, आणि मला ते इतकं खरं वाटायचं की त्यात कधी बदल होईल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

कुलथे सर आमच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायला पुण्याहून आलेले. तरुण होते, खोली घेऊन एकटे राहायचे. जयंतीला आबांचं गाणं ऐकून ते एकदा घरी आले आणि मग येतच राहिले. हा सिनेमा त्यांनीच कुणाकडून तरी मिळवला होता, आणि दौंडच्या रेल्वे वसाहतीतला हॉल एका सकाळपुरता मागून घेतला होता. आम्ही दहा-बारा मुलंमुली आणि आबा एसटीनं निघालो. न्हावऱ्याला गाडी थांबली तेव्हा सुनंदा चढली आणि माझ्याशेजारी बसली. ती माझ्याच वर्गातली. मूळची खुटबावची, मराठ्याच्या मोठ्या बागायतदार घरातली; पण कॉलेजासाठी इनामगावला मामाकडं राहायची. सावळी, उंच, बोलायला कमी. गाडीत तिनं मला मामाच्या मळ्यातली काकडी मोडून दिली. त्या दिवशी ती मला आवडली होती, हे इथं लिहून ठेवते.

त्या हॉलच्या खिडक्यांना रेल्वेची जाड घोंगडी लावून अंधार केला होता. मशीन मागं टेबलावर खडखडत होतं. दर रिळाच्या आधी सर पडद्यापाशी उभे राहून पुढं काय होणार ते मराठीत सांगायचे, मग दिवे जायचे. ऐटबाज कपडे घालून काठी फिरवत चालणारा चोर. त्याच्यावर जीव टाकणाऱ्या बायका. भिकाऱ्यांना कामाला लावणारा एक मुकादम, चोर त्याच्याच पोरीशी लग्न लावतो. पोलिसांचा साहेब चोराचा जुना दोस्त. आणि शेवटी फाशी जायच्या ऐवजी हे सगळे मिळून बँक चालवायला लागतात. बाहेरून इंजिनाची शिट्टी आली की पडद्यावरच्या गाण्यात ती मिसळून जायची. मला खरं सांगायचं तर निम्मं कळलं नाही. पण एका ठिकाणी एक बाई नुसती उभी राहून गाते. ना नाच, ना हातवारे. आबा माझ्या पुढच्या बाकावर होते, ते पुढं वाकले आणि गाणं संपेपर्यंत तसेच वाकलेले राहिले.

परत येताना ते सरांना म्हणाले, "सर, ह्यो तर आपला वग हाय. चोर हाय, पोलीस हाय, मुकादम हाय. निस्ता मराठीत आणायचा."

"मग आणा," सर म्हणाले. "कॉलेजांच्या संमेलनाला करू आपण. ते यंदा दौंडलाच आहे, ह्याच हॉलमध्ये."

"बँकेच्या जागी सोसायटी करू. चोर शेवटाला सोसायटीचा चेअरमन झाला पायजे."

सर इतके हसले की कंडक्टरनं मागं वळून बघितलं.

त्यानंतर तालमींसाठी दर रविवारी आमचं घर भरायला लागलं. आबांनी आठ दिवसांत पाच गाणी रचली. चोर कॉलेजातलाच एक मुलगा, सर स्वतः पोलिसांचे साहेब. चोराच्या बायकोचं गाणं सगळ्यात शेवटी तयार झालं, आणि ते कोण गाणार हा प्रश्नच नव्हता, निदान मला तरी. मी ते चढ्या पट्टीत गाऊन दाखवलं. नेहमीसारखे हात केले, शेवटच्या ओळीला मान झटकली. आबा पेटीवर बोटं ठेवून ऐकत होते. "हात हलवू नकोस," ते म्हणाले. मी पुन्हा गायले. हात आपोआप उठलेच. "हलवू नकोस म्हणलं ना. ती तिथली बाई कशी उभी व्हती?" तिसऱ्यांदा मी हात पाठीमागं धरले, तर आवाज बसल्यासारखा झाला. आबांनी पेटीवरची बोटं उचलली. मग भिंतीला टेकून बसलेल्या सुनंदाला म्हणाले, "पोरी, तू म्हण बघू."

ती गाणारी नव्हती. भोंडल्याची, जात्यावरची गाणी सोडून तिनं काही गायलं नव्हतं. तिचा आवाज खालचा, जरा खरखरीत, पुरुषी म्हणावा असा. पण ती उभी राहिली ती बांधावर उभं राहावं तशी, दोन्ही हात बाजूला सोडून, आणि आबांकडंही न बघता समोरच्या भिंतीकडं बघत तिनं ते गाणं म्हटलं. एके ठिकाणी चुकली, थांबली, तिथूनच पुढं गेली. आई आतून पिठाच्या हातानं दारात आली होती. आबांनी पेटीचा भाता मिटला आणि म्हणाले, "पट्टी खाली घ्यावी लागंल."

एवढंच. ते माझ्याकडं बघतील, मला काही समजावून सांगतील असं वाटलं होतं. त्यांनी ढोलकीवाल्याला पट्टी सांगितली आणि पुन्हा सुरुवात केली.

त्या रविवारपासून मी तिच्यावर नजर ठेवायला लागले. सुनंदा आली की आबांचा चेहरा बदलायचा. पहिल्यांदा ती त्यांना डॉक्टर म्हणायची, मग एके दिवशी आबा म्हणायला लागली, आणि त्यांनी ओ दिली. मामाच्या शेतात नांगराला लागलेलं एक जुनं खापर तिनं त्यांना आणून दिलं, त्यावर काळ्या रेघा होत्या. आबांनी ते पुसून पेटीवर ठेवलं. त्या पेटीवर मी साधी वही ठेवली तरी ते उचलायला लावायचे. आणि आई. पहिल्या वेळी जेवायची वेळ झाली तेव्हा आई घुटमळली होती. पाटलाची पोर, आपल्या घरात पाणी तरी घेईल का, हा प्रश्न तिच्या तोंडावर दिसत होता. सुनंदा पाटावर बसली आणि तिनं विचारलं, "काकू, वाकटाचा वास येतोय का?" सुकी वाकटं, म्हणजे वाळवलेली मासळी, आमच्याकडं गरिबाचं कालवण, आई ती लसूण-मिरची घालून तव्यावर परतायची. सुनंदानं दोन भाकरी खाल्ल्या आणि तवा पुसून घेतला. त्या दिवशी आई भांडी घासताना गुणगुणत होती. माझ्या आईला मी गुणगुणताना त्याआधी ऐकलं नव्हतं. पुढं दर शनिवारी ती मला बाजारात पाठवायची, "सुनंदाला वाकटं घिऊन ये," म्हणून. मी मुद्दाम कुजकट वासाची आणायची. आई ती निवडून, धुऊन चांगली करायची.

घरात कुणी नसताना मी कपाटाच्या आरशापुढं उभी राहायची, हात मांड्यांना चिकटवून. खालच्या पट्टीत गाऊन बघायची. आरशात एक मुलगी शाळेत शिक्षा झाल्यासारखी उभी दिसायची. मग मी सुनंदाची नक्कल करायची, घोगरा आवाज काढून, तोंड वेडंवाकडं करून. एकदा आईनं ते पाहिलं. ती घागर उचलून पाणी आणायला गेली. सुनंदाला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती माझ्या खांद्यावर हात टाकून नळापर्यंत यायची. "मामाकडं सांगितलंय, रविवारी जादा तास असत्यात," ती एकदा म्हणाली. "तुमच्या वस्तीत येती म्हणून कळलं तर मला ठिवायचे न्हाईत. पन खरं सांगू शालन, आठ दिवस मी निस्ती रविवारची वाट बघती."

हे तिनं विश्वासानं सांगितलं होतं. मी ते ऐकलं आणि जपून ठेवलं.

परवा माझ्या भाच्यानं, चुलतभावाचा मुलगा तो, रांजणगावच्या कंपनीत शिफ्टला असतो, मोबाइलवर तो सिनेमा शोधून दिला. खाली इंग्रजी अक्षरं येत होती, ती तो मला वाचून सांगत होता. ते गाणं सुरू झालं आणि मला वाटलं होतं त्याच्या निम्म्यात संपलं. माझ्या आठवणीत ती बाई तासभर उभी होती. भाचा म्हणाला, "आत्या, ह्यात तुला एवढं काय आवडलं?" मी म्हटलं, मला आवडला नव्हता, आमच्या आबांना आवडला होता.

संमेलनाला दहा-बारा दिवस उरले असतील. मी दुपारी आबांचा डबा घेऊन दवाखान्यात गेले. आवारात लिंबाखाली एक खिलारी बैल बांधलेला होता, पुढच्या पायाच्या खुरात काहीतरी घुसलेलं. बैलाची वेसण धरून पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ उभे होते. सुनंदाचे मामा. त्यांना सगळे आप्पा म्हणायचे. कॉलेजच्या फीच्या वेळी मी त्यांना पाहिलं होतं. आबांनी नुकतंच ड्रेसिंग बांधलं होतं आणि ते हात धुवायला आत गेले होते. आप्पांनी मला ओळखलं. "डॉक्टरांची लेक न्हवं का तू? आमच्या सुनीच्या वर्गातली?"

"व्हय."

"अभ्यास कसा काय हाय तिचा? रविवारचंबी तास घेत्यात म्हणं."

मी म्हणू शकले असते की चांगला आहे, घेतात. त्याला फार अक्कल लागली नसती. मी डब्याची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाले, "आप्पा, सुनंदा रविवारी आमच्याच घरी असती. माझ्या आईच्या हातची वाकटं तिला लई आवडत्यात."

हे मी हसून म्हणाले. कौतुकानं सांगावं तसं. आप्पांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. त्यांनी बैलाच्या पाठीवरून एकदा हात फिरवला. "असं का," म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "बहिणीनं माझ्या भरवशावर ठिवलीया." हे ते मला सांगत नव्हते. मग खाली वाकून त्यांनी बांधलेली पट्टी नीट आहे का ते बोटानं चाचपलं, दावं सोडलं, आणि दारात आलेल्या आबांना नेहमीसारखं म्हणाले, "डॉक्टर, येतो."

आबा हात पुसत उभे होते. ते दारात कधीपासून होते हे मला तेव्हा कळलं नाही. त्यांनी डबा घेतला, बाकावर बसून खाल्ला, आणि रिकामा डबा माझ्या हातात दिला.

पुढच्या रविवारी सुनंदा आली नाही. आबा पेटी पुढ्यात घेऊन बसून राहिले. बाकीची मुलं चहा पिऊन कंटाळली. बारा वाजता सर कुणाची तरी मोटारसायकल मागून इनामगावला गेले आणि उन्हातून तसेच परत आले. आप्पांनी त्यांना ओसरीवर बसवलं, ताक दिलं, आणि सांगितलं की सुनंदाला खुटबावला पोचवलं, स्थळ चालून आलंय, परीक्षेचं आता राहू द्या. सर हे सांगताना आमच्या उंबऱ्यावर बसले होते. त्यांचे बूट धुळीनं पांढरे झाले होते. "कुणी सांगितलं असेल त्यांना?" ते म्हणाले. आई तव्यावरचं कालवण खाली उतरवायला आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

मग आबा माझ्याकडं न बघता म्हणाले, "शालन, उभी ऱ्हा."

मला जे हवं होतं ते मिळालं होतं. मी आठवडाभर गायले. आबांनी पट्टी पुन्हा वर नेली, माझ्या सोयीची केली. हात हलले तरी एकदाही टोकलं नाही. त्यांनी टोकावं म्हणून मी मुद्दाम हलवून बघितले. ढोलकीवाल्याला ते सूचना देत, चोर झालेल्या मुलाला रागवत, आणि माझं गाणं आलं की पेटी वाजवत, बस. त्यांनी मला एक कानफटात दिली असती तर मी त्या रात्री शांत झोपले असते.

संमेलनाच्या दिवशी दौंडच्या हॉलमागच्या खोलीत मी साडी नेसून तयार झाले होते. पडदा उघडायला वेळ होता. आबा एकटेच आले, माझ्या पदराला टाचणी लावायला. आई आली नव्हती. ती गुडघा दुखतो म्हणाली होती. टाचणी लावून झाल्यावर आबा म्हणाले, "तू आप्पांना सांगितलं त्यात खोटं काय न्हाई. खरंच हाय ते. पन आजवर एवढं खरं सांगायला तुला जागा घावली न्हवती, ती तिथं बैलापाशी घावली." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. मी रडायला लागले, तर म्हणाले, "आता रडू नको. आवाज बसंल." आणि पेटीवर जाऊन बसले.

वग चांगला झाला. चोर सोसायटीचा चेअरमन होऊन हार घालून घेतो, तिथं हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. पुढच्या रांगेतले दोन-तीन चेअरमनही हसत होते. माझ्या गाण्याला टाळ्या पडल्या. मी हात केले, मान झटकली, सगळं केलं. मला वैयक्तिक बक्षीस म्हणून एक स्टीलचा तांब्या मिळाला. आणि हे कुणाला सांगितलेलं नाही, पण टाळ्या पडत असतानाही मी आबांकडं बघत होते, आणि ते समोरच्या भिंतीकडं बघत होते, आणि मला त्या पोरीचा पुन्हा हेवा वाटला. तिचं कॉलेज गेलं होतं, तिला बघायला माणसं येऊन गेली होती, आणि मी इथं उभी राहून तिच्यावर जळत होते. परत येताना गाडीत आबा ते गाणं हळूच म्हणत होते. खालच्या पट्टीत.

सुनंदाचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. आबांनी आहेराला एक लुगडं घेतलं आणि एकटेच खुटबावला गेले. दुपारी निघालेला माणूस दिवस मावळायच्या आत परत आला, लुगडं पिशवीतच. "काय झालं ओ?" आईनं विचारलं. "स्टँडवर बसलो घटकाभर," ते म्हणाले. "आत जायाचं काय धाडस झालं न्हाई. तिलाच तरास." ते लुगडं आईनं पुढं मला दिलं आणि मी ते कधी नेसले नाही. आबा त्यानंतर वीस-बावीस वर्षं जगले. सर बदलून गेले, पार्टीतली माणसं पांगली, मी डी.एड. करून शाळेत लागले, आई गेली. रविवारी सकाळी आबा पेटी काढून ओसरीवर बसायचे आणि ती लगेच उघडायचे नाहीत. रस्त्याकडं बघत बसायचे. शेवटच्या आजारात ते मला दोनदा सुनंदा म्हणाले. मी दोन्ही वेळा ओ दिली.

आणि सुनंदा मला भेटली ती मी निवृत्त झाल्यावर, चौफुल्याच्या थांब्यावर. मी दौंडहून येत होते. एक उंच, पांढऱ्या केसांची बाई दोन बंदांची जड पिशवी घेऊन उभी होती, तिनंच मला ओळखलं. "तू शालन न्हवं?" आवाज तोच, आणखी खाली गेलेला. आम्ही बाकावर बसलो. तिची दोन मुलं, नातवंडं, ग्रामपंचायतीत पाच वर्षं सदस्य होती, नवरा शांत माणूस, हे सगळं तिनं सांगितलं. गातेस का, असं मी विचारलं तर म्हणाली, "कुठलं गं. नातवाला झोपिवताना कवातरी." मग माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाली, "मामानं सांगितलं व्हतं मला, कुणाकडून कळलं ते. मी तवाच म्हणलं, शालन भोळी हाय, तिला काय ठाऊक. कौतुकानं बोलून गेली आसंल."

बोलायची हीच वेळ होती. इतक्या वर्षांत मी ते वाक्य मनात शंभर वेळा जुळवलं होतं. मी पदर सारखा केला आणि रस्त्याकडं बघितलं.

"आबा गेले ते कळलं मला उशिरानं," ती म्हणाली. "ते माझं काय बोलायचे का गं? नंतर कवा? इचारायचे का?"

मी म्हणाले, "न्हाई. कवाच न्हाई."

का म्हणाले ते मला माहीत आहे. साठीच्या पुढची बाई, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, मेलेल्या बापातला वाटा अजून द्यायला तयार नव्हती. बोलल्या बोलल्या मला माझीच शिसारी आली. पण सुनंदानं सुस्कारा सोडला आणि तिचा चेहरा सैल झाला. "बरं झालं बाई," ती म्हणाली. "मला आयुष्यभर वाटायचं, आबा माझी वाट बघत बसले आसतील. मला निरोपबी धाडता आला न्हाई. जिवाला लागून ऱ्हायलं व्हतं ते."

तिची गाडी लागली. मी म्हणाले, "न्हाई गं, कशाची वाट बघत्यात," आणि तिच्या पिशवीचा एक बंद धरून तिला दारापर्यंत सोडायला गेले.